घर धोक्याचे कोणी केले?

घराच्या सुरक्षेची पत्रके वस्तीवस्तीत आम्हीही वाटतो. रात्री गॅस बंद करा, ओल्या हाताने बटण दाबू नका, रॉकेल मुलांच्या हाती लागू देऊ नका. यातली एकही सूचना चुकीची नाही. पण दुर्घटना घडली की लोक एका वाक्यात निकाल लावून मोकळे होतात : बाईचे लक्ष नव्हते. आमचा आक्षेप या निकालावर आहे. मुळात ते घर धोक्याचे कोणी केले, हा प्रश्न विचारलाच जात नाही. मुंबईच्या चाळींचा इतिहास तो प्रश्न विचारायला भाग पाडतो.

१८९६ साली मुंबईत मांडवी भागात प्लेगची साथ सुरू झाली. बंदराजवळ धान्याची गोदामे, गोदामांत उंदीर आणि आसपास दाटीवाटीच्या अंधाऱ्या खोल्या. सरकारी पथके घरात शिरली, रोग्यांना उचलून नेले, भिंतींना चुना फासला, जंतुनाशके ओतली, उजेडासाठी छपरे उघडली. काही घरांवर 'राहण्यास अयोग्य' असा शिक्का मारला. १८९८ मध्ये पॉल-लुई सिमों या फ्रेंच शास्त्रज्ञाने उंदरांवरच्या पिसवांमुळे प्लेग पसरतो हे दाखवले, पण ते मान्य व्हायला आणखी काही वर्षे गेली. तोवर बोट होते गरिबांच्या 'घाणेरड्या सवयीं'कडे. खिडकीविना खोली बांधून तिचे भाडे घेणे हीसुद्धा एक सवयच होती. तिच्याकडे बोट क्वचितच वळले.

१८९८ मध्येच मुंबई इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. कोंदट वस्त्या पाडायच्या, हवेशीर रस्ते काढायचे, कामगारांना घरे द्यायची, असा हेतू सांगितला गेला. पण ट्रस्टने जितक्या खोल्या पाडल्या, तितक्या बांधल्या नाहीत. बेघर झालेली माणसे शेजारच्या चाळीत कोंबली गेली आणि गर्दी जागच्या जागी वाढली. पुढे १९२० च्या दशकात वरळी, नायगाव, शिवडी आणि डिलाईल रोड येथे २०७ बीडीडी चाळी उभ्या राहिल्या. एक खोली सुमारे १६० चौरस फुटांची, संडास सामायिक. त्याच खोलीत चूल, त्याच खोलीत झोप, त्याच खोलीत बाळंतपण. चुलीपासून मूल किती हात लांब ठेवायचे, हे आईने नव्हे, नकाशा काढणाऱ्याने ठरवले होते.

परळच्या बीआयटी चाळीत, म्हणजे ट्रस्टच्याच चाळीत, बाबासाहेबांचा संसार अनेक वर्षे दोन खोल्यांत होता. कोंदट घर म्हणजे काय, हे त्यांना अहवाल वाचून कळलेले नव्हते. १९४२ ते १९४६ या काळात ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. १९४४ मध्ये कोळसा खाण कामगारांसाठी कल्याण निधी उभा राहिला आणि घर, पाणी व आरोग्य हे विषय त्याच्या कामात आले. कामगाराचे घर ही त्याची खासगी अडचण नसून सार्वजनिक जबाबदारी आहे, ही भूमिका त्यामागे आहे.

स्वतंत्र भारतात सर्वोच्च न्यायालयानेही हेच सांगितले. चमेली सिंग विरुद्ध उत्तर प्रदेश राज्य (१९९६) या खटल्यात दलितांच्या घरांसाठी होणाऱ्या भूसंपादनाला जमीनमालकांनी आव्हान दिले होते. न्यायालयाने ते फेटाळले. निवारा म्हणजे डोक्यावर नुसते छप्पर नव्हे. पुरेशी जागा, सुरक्षित बांधकाम, उजेड, शुद्ध हवा, पाणी, वीज आणि स्वच्छता हे सारे त्यात येते, असे न्यायालयाने म्हटले. कलम २१ मधला जगण्याचा हक्क इथे घरापर्यंत पोहोचतो.

म्हणून तरुण कार्यकर्त्यांना आमचे सांगणे आहे, घराघरांत जाताना दोन याद्या करा. पहिली आपल्या हातातली. शेगडीची रबरी नळी चिरली असेल किंवा तिची मुदत संपली असेल तर बदला. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असतो, तो जमिनीलगत साचतो. वास आला तर कोणतेही बटण चालू-बंद न करता रेग्युलेटर बंद करा, दार-खिडकी उघडा, बाहेर पडा. रॉकेल, फिनेल, ॲसिड थंड पेयाच्या बाटलीत भरून ठेवू नका.

दुसरी यादी सत्तेच्या हातातली. अधिकृत वीजजोडणी, अर्थिंग, अग्निशमन गाडी शिरेल एवढा रस्ता, खोलीला समोरासमोर दोन उघडी. ही यादी घेऊन वॉर्ड ऑफिसात जा, लेखी अर्ज द्या, पोच घ्या.

पहिलीच यादी वाचून थांबलो, तर पुढच्या आगीतही दोष जळालेल्या बाईलाच दिला जाईल. तो खोटा निकाल बदलायचा असेल, तर दुसरी यादी लढून पूर्ण करून घ्यावी लागेल.

जय भीम!