फुप्फुसांनी दिलेली साक्ष

मेंढरू पारखावे ते दात, डोळे व लोकर पाहून, ही शिकवण आम्हां मेंढपाळांच्या घरांतून पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. ती खरी असली, तरी अपुरी आहे. हे सत्य आइसलँड देशाने फार मोठी किंमत देऊन जाणले. तो इतिहास ज्ञातिबांधवांपुढे थोडक्यात मांडण्याचे आम्ही योजिले आहे.

१९३३ साली जर्मनीतील हाले येथून काराकुल जातीची २० मेंढरे आइसलँडमध्ये आणण्यात आली. या जातीच्या कोकरांच्या कातड्यांस मोठी किंमत येई. आलेली मेंढरे एका लहान बेटावर दोन महिने निराळी ठेवली. ती धडधाकट दिसली, म्हणून ठिकठिकाणच्या शेतकऱ्यांस वाटून दिली. परंतु काही वर्षांतच तेथील कळपांत मेंढरे धापा टाकू लागली, वाळत गेली व मरू लागली.

रोग दोन होते. एकास त्या देशीच्या भाषेत ‘माइदी’, म्हणजे धाप, असे नाव पडले. दुसरा फुप्फुसातील गाठींचा. जिवंतपणी दीर्घकाळ न दिसणारा हा रोग उघडा पडे तो मेंढरू कापल्यावर. छाती उघडताच निरोगी फुप्फुस आकसते. माइदीचे मात्र फुगलेलेच राहते, रबरासारखे लागते व वजनाला दुपटी-तिपटीने भरते.

या रोगाने एक लाखाहून अधिक मेंढरे नेली. कुंपणे घालूनही तो आवरेना. अखेर १९४४ पासून सुमारे दहा वर्षे, रोगग्रस्त भागांतील कळपच्या कळप मारून तेथे निरोगी भागांतील कोकरे आणण्यात आली. एकंदर सुमारे साडेसहा लाख मेंढरे मारावी लागली. ज्याने स्वहस्ते कोकरू वाढविले आहे, त्यास या आकड्यामागील दुःख आम्ही सांगावयास नको. पुढेही कत्तलखान्यांत मोठ्या मेंढरांची फुप्फुसे तपासली जात. माइदीचा शेवटचा आढळ १९६५ चा.

या रोगांच्या अभ्यासातूनच ब्यर्न सिगुर्दसन या संशोधकाने १९५४ साली ‘मंदगती संसर्गा’ची कल्पना मांडली. १९८३ साली सापडलेला एड्सचा विषाणू माइदीच्या विषाणूच्याच कुळातला निघाला.

तेव्हा बंधुभगिनींनो, परका मेंढा एकदम खांडात मिसळू नका. आणि मेंढरू दगावल्यास पशुवैद्याकडून त्याचे फुप्फुस पाहून घ्या. डोळ्यांनी लपविले ते फुप्फुस सांगते.