कोल्हापुरात घडलेला कॅमेरा

परवा एका श्रोत्याचा मेसेज आला: "दादा, शॉर्टफिल्म लिहून तयार आहे, पण गिंबल नाही म्हणून अडलंय." हसू नका, मीही याच कारणावर एक अख्खं वर्ष घालवलंय. आज त्याच्यासाठी शंभर वर्षांपूर्वीच्या कोल्हापुरात जाऊ. तिथे गिंबल सोडा, कॅमेराच नव्हता.

बाबूराव मेस्त्री आणि त्यांचे भाऊ आनंदराव नाटक कंपन्यांचे पडदे रंगवायचे. महाल, जंगल, राजदरबार, सगळं ब्रशने. म्हणून लोक त्यांना 'पेंटर' म्हणू लागले आणि आडनाव तेच पडलं. १९१३ मध्ये फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' आला आणि या दोघांना सिनेमाने झपाटलं. फाळक्यांनी कॅमेरा लंडनहून आणला होता. यांच्याकडे तेवढा पैसा कुठला? मुंबईच्या चोरबाजारातून एक जुना प्रोजेक्टर आणला, लोकांना सिनेमे दाखवून पोट भरायचं, आणि उरल्या वेळात कॅमेरा बनवायचा, असं सुरू झालं.

आता कॅमेरा बनवायचा म्हणजे नेमकं काय? पेटी आणि भिंग हा सोपा भाग. खरी गोम आतल्या हालचालीत आहे. फिल्म सरळ वाहत गेली तर चित्र फरफटतं. ती थांबली पाहिजे, शटर उघडून बंद झालं पाहिजे, मग फिल्म बरोब्बर चार भोकं पुढे सरकून परत थांबली पाहिजे. हे सेकंदाला साधारण सोळा वेळा, तेही हाताने हँडल फिरवून! एका फुटात सोळा चित्रं, म्हणजे सेकंदाला एक फूट फिल्म खर्च. दात किंचित चुकला की पडद्यावर राजवाडा थरथरतो. ही थांब-चाल प्रोजेक्टरमध्येही असतेच. त्यामुळे मला वाटतं, चोरबाजारातलं ते यंत्रच त्यांचं इंजिनिअरिंग कॉलेज होतं.

आणि १९१६ मध्ये आनंदराव गेले. ऐन तरुण वयात. कॅमेरा पुरा झालेला नव्हता.

इथे बाबूराव पडद्यांच्या कामाकडे परत गेले असते तर कुणी नावं ठेवली नसती. पण विष्णुपंत दामले नावाचा त्यांचा शिष्य सोबत होता. दोघांनी मिळून काम पुढे रेटलं आणि १९१८ मध्ये कॅमेरा चालू झाला! भारतात बनलेला पहिला मूव्ही कॅमेरा म्हणून याचंच नाव घेतात. कच्ची फिल्म मात्र परदेशीच, ती इथे बनतच नव्हती. त्यामुळे प्रत्येक फूट जपून. रीटेक वगैरे चैन आपली, फोनवाल्यांची.

भांडवल कुणी दिलं? एखाद्या शेटजींनी नाही बरं का, गायिका तानीबाई कागलकर यांनी. त्यातून महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी राहिली, आणि १९२० मध्ये पहिला चित्रपट आला, 'सैरंध्री'. तो पुण्याच्या आर्यन थिएटरमध्ये लागला. भीम कीचकाला मारतो तो प्रसंग एवढा खरा वाटला की लोक हादरले. लोकमान्य टिळकांनी बाबूरावांना 'सिनेमा केसरी' म्हटलं.

पुढे 'सिंहगड'साठी, १९२३ मध्ये, त्यांनी कृत्रिम दिवे लावून शूटिंग केलं. तोवर सगळा कारभार सूर्याच्या भरवशावर, ढग आला की पॅकअप! पोस्टरही स्वतःच रंगवायचे. याच कंपनीत शिकलेले दामले, फत्तेलाल, धायबर आणि व्ही. शांताराम १९२९ मध्ये बाहेर पडले आणि 'प्रभात' सुरू झाली. प्रभातची गोष्ट मोठी आहे, त्यासाठी वेगळा एपिसोड करू.

कोल्हापूरला गेलात तर खरी कॉर्नरला कॅमेऱ्याचा एक स्तंभ दिसेल. अंबाबाईच्या देवळापासून चालत जाता येतं. फोटो काढलात तर आम्हाला टॅग करा, आणि कॅप्शनमध्ये आनंदरावांचंही नाव टाका.