शोधपत्रकारिता व कथनतंत्र
शोधपत्रकारिता व कथनतंत्र : सत्ताधारी, उद्योगसंस्था वा गुन्हेगार यांनी दडवून ठेवलेली सार्वजनिक हिताची वस्तुस्थिती स्वतंत्र तपासाने उघडकीस आणणे, हे शोधपत्रकारितेचे कार्य होय. प्रसंगवर्णन, व्यक्तिचित्रण, संवाद, उत्कंठा इ. कथावाङ्‌मयातील तंत्रे तिने एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात, लोकप्रिय वृत्तपत्रांच्या उदयाबरोबर आत्मसात केली. ही तंत्रे तिला साहाय्यक की मारक, हा वाद तेव्हापासूनचा आहे.

ह्या वादाच्या मुळाशी असलेले एक ठळक उदाहरण लंडनचे आहे. पॅल मॅल गॅझेट ह्या दैनिकाचा संपादक विल्यम टॉमस स्टेड (१८४९–१९१२) ह्याने जुलै १८८५ मध्ये अल्पवयीन मुलींच्या विक्रयावर लेखमाला लिहिली. मुलींचे संमतिवय १३ वरून १६ वर नेण्याचे विधेयक त्या वेळी पार्लमेंटमध्ये रखडले होते. ‘लिली’ ह्या टोपणनावाच्या तेरा वर्षांच्या मुलीची पाच पौंडांना झालेली खरेदी त्याने कादंबरीतील प्रकरणाप्रमाणे रंगविली आणि बंद खोलीतून आलेल्या तिच्या आक्रोशापाशी कथन थांबविले. खरेदीदार आपणच होतो, हे त्याने त्या कथनात सांगितले नाही. लोकक्षोभ उसळला व ऑगस्टमध्ये कायदा संमत झाला. तथापि मुलीच्या पित्याची संमती घेतली नव्हती, म्हणून अपहरणाच्या आरोपावरून स्टेडला तीन महिन्यांचा कारावास भोगावा लागला. कौमार्यतपासणी आणि गुंगीचे औषध हे त्या मुलीला मात्र प्रत्यक्षच सोसावे लागले होते.

याउलट, आयडा टार्बेल (१८५७–१९४४) ह्या अमेरिकन लेखिकेने मॅक्लूअर्स मासिकात १९०२–०४ मध्ये लिहिलेला स्टँडर्ड ऑइल कंपनीचा इतिहास कथेइतकाच वाचनीय होता. पण त्याची उभारणी न्यायालयीन नोंदी व चौकशी समित्यांची कागदपत्रे यांवर होती. १९११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही कंपनी विघटित करविली. वॉशिंग्टन पोस्टमध्ये १९८० साली प्रसिद्ध झालेली आठ वर्षांच्या व्यसनी मुलाची कहाणी मात्र कपोलकल्पित निघाली व तिला मिळालेले पुलिट्झर पारितोषिक १९८१ मध्ये परत करावे लागले.

त्याच वर्षी भारतात इंडियन एक्सप्रेसचे वार्ताहर अश्विनी सरीन यांनी स्त्रीविक्रय सिद्ध करण्यासाठी कमला नावाची स्त्री विकत घेतली. ह्या घटनेवरून विजय तेंडुलकरांनी कमला हे नाटक लिहिले. पीडितेला पुरावा म्हणून मांडणारा पत्रकार स्वतःच्या घरातील दास्य पाहू शकत नाही, हे त्यात दाखविले आहे.

सारांश, कथनतंत्रामुळे आकडे व कागदपत्रे यांमागील मनुष्य वाचकाला दिसतो आणि लोकमत जागे होते. परंतु परिणामासाठी एखादी गोष्ट लपविली वा रचली गेली, की उरलेल्या सत्यावरही संशय येतो. तसेच पीडित व्यक्ती कथेतील केवळ एक पात्र बनली, तर ज्या अन्यायाविरुद्ध लेखन केले, त्याचाच काही अंश लेखकाकडून घडतो.