सुरुंगाचा हादरा आणि कोलारचे टेकू

कोलारच्या सोन्याचा इतिहास लिहिताना जॉन टेलर कंपनीचे १८८० मधले आगमन आणि १९०२ साली शिवनसमुद्रहून आलेली वीज यांची नोंद हमखास होते. टेकूंची होत नाही. वस्तुतः सुमारे ३,२०० मीटर खोल गेलेल्या या खाणी टेकूंवर उभ्या होत्या, आणि त्या टेकूंखाली राबत होते उत्तर अर्काटच्या गावकुसाबाहेरून आलेले परैयर. (याच कामगारांच्या मारिकुप्पममध्ये अयोत्ती दासांची बौद्ध चळवळ रुजली, आपल्याकडे तिची चर्चा फारशी होत नाही.)

सुरुंग उडाला की समोरचाच दगड फुटतो असे नाही. हादऱ्याची लाट मागच्या कातळातून धावते. जाताना ती दाबाची असते. पोकळीच्या कडेवर आदळून परतते तेव्हा ताणाची होते. कातळ दाब सोसतो, ताण सोसत नाही. त्याचे पापुद्रे सुटतात. टेकू तर न मोडताही निकामी होतो. पाचर ढिली पडते, टेकू आणि छत यांच्यात फट राहते. एका सुरुंगाने काही दिसत नाही. रोजच्या सुरुंगांनी नुकसान साचत जाते. त्यातून कोलारचा कातळ खोलीमुळे आधीच प्रचंड दाबाखाली. तेथे सुरुंग निमित्त होई आणि कातळ स्वतःच स्फोटासारखा फुटे. त्यालाच रॉकबर्स्ट म्हणतात.

लाकडी टेकू दबतो, करकरतो, म्हणजे निदान इशारा तरी देतो. खोली वाढली तशा ग्रॅनाइटच्या भिंती आल्या, पुढे काँक्रीट आले. ग्रॅनाइट भार जास्त घेतो, पण दबत नाही. हादऱ्यात तो एकदम तडकतो. टेकूचा हिशेब साधारणतः स्थिर ओझ्याचा मांडला जातो. हादरा ओझ्यासारखा स्थिर नसतो.

धूर निवळल्यावर छताखाली प्रथम कोण उभा राही? पहारेने छत ठोकून पाहणारा मजूर. खणखणीत नाद आला तर कातळ घट्ट, बद्द आवाज आला तर सुटलेला. हे शास्त्र त्याच्या कानात होते, आणि त्याची किंमत रोजंदारीएवढीच होती.

हादऱ्याचा वेग सेकंदाला किती मिलिमीटर, हे यंत्राने मोजता येते. सगळी दारू एकदम न उडवता क्षणाक्षणाच्या अंतराने उडवली तर तो कमीही होतो. या विषयाचा अभ्यास करणारी राष्ट्रीय खडक-यांत्रिकी संस्था १९८८ साली कोलारच्या खाणक्षेत्रातच निघाली. टेलर कंपनी येऊन तेव्हा शंभरावर वर्षे उलटली होती. २८ फेब्रुवारी २००१ रोजी खाणी बंद झाल्या. पुढे पंप थांबले, बोगद्यांत पाणी भरले. त्यानंतरही तेथील जमीन हादरल्याच्या नोंदी आहेत. वर कामगारांच्या वस्त्या तशाच होत्या.