मावळातील तंत्रशिक्षणाची उमेदवारी

‘उमेदवार’ हा शब्द हल्ली आपल्या कानांवर पडतो तो बहुधा निवडणुकीच्या दिवसांत. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी ह्या शब्दाचा व्यवहारातील अर्थ निराळा होता. कचेरीत, पेढीवर किंवा कारखान्यात, पगाराची खात्री नसताना, पुढे कायमची जागा मिळेल एवढ्या उमेदीवर जो मुलगा काम शिकत राही तो उमेदवार. आणि त्याचा तो शिकण्याचा काळ म्हणजे उमेदवारी. अभियांत्रिकीचे विद्यार्थी आज जिला ‘इंटर्नशिप’ म्हणतात ती वस्तू हीच. १९६१ च्या कायद्यामुळे ‘शिकाऊ उमेदवार’ हा शब्द सरकारी दप्तरात तेवढा टिकून राहिला आहे.

आज ह्या उमेदवारीविषयी दोन गोष्टी सांगावयाच्या आहेत, आणि त्याही मावळ तालुक्याच्या अनुषंगाने. लोणावळ्यात किंवा तळेगावात राहणारा, संगणकशास्त्र शिकणारा एखादा विद्यार्थी डोळ्यांपुढे आणावा. महाविद्यालयाचे तास आणि परीक्षा हे त्याचे एक काम. पुणे-हिंजवडीकडील एखाद्या कंपनीत काही आठवडे वा एखादे सत्र उमेदवारी, हे दुसरे. आणि तिसरे काम घरी, पुस्तकांच्या फळीवर किंवा खाटेखाली, रात्रंदिवस चालू असते. कोणीतरी टाकून दिलेला जुना संगणक दुरुस्त करून त्याने तेथे मांडलेला असतो. ह्याला तो ‘सर्व्हर’ म्हणतो, म्हणजे सेवा पुरविणारा संगणक. घरातील छायाचित्रे, टिपणे, हिशेब त्यात साठविलेले असतात. घरातील इतर यंत्रे ते त्याच्याकडे मागतात आणि तो ते देतो. लोणावळ्यात वर्षाला चार हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. तेथे श्रावणात वीज गेली की हे यंत्र बंद पडते, आणि मग ते का बंद पडले, साठविलेल्यापैकी काय वाचले, हे शोधण्यात त्याची अर्धी रात्र जाते. घरची माणसे विचारतात, “अरे, हा अभ्यास कोणत्या विषयाचा?”

प्रश्न रास्त आहे, पण त्याचे उत्तर द्यावयाचे तर थोडे मागे जावे लागते.

पुण्यात १८५४ साली ‘पूना एंजिनिअरिंग क्लास अँड मेकॅनिकल स्कूल’ ह्या नावाने जी शाळा निघाली आणि जिचे पुढे अभियांत्रिकी महाविद्यालय झाले, तिचा हेतू सरकारच्या बांधकाम खात्याला हाताखालचे अधिकारी पुरविणे हा होता. शिक्षण आणि चाकरी ह्यांचा सांधा सरकारने आपल्या गरजेपुरता जुळविला होता. सरकारी खात्याच्या बाहेर ज्याला यंत्रविद्या शिकावयाची होती, त्याने उमेदवारी करावी कोठे, हा प्रश्न तसाच राहिला.

त्याचे एक उत्तर मावळात मिळाले, आणि तेही पैशापैशाने. अंताजी दामोदर काळे ह्यांनी अशी कल्पना मांडली की, प्रत्येक माणसाने वर्षाकाठी एक पैसा द्यावा आणि त्या निधीतून देशी उद्योग उभे करावेत. त्या वेळी रुपयाचे चौसष्ट पैसे होत. म्हणजे चौसष्ट माणसांची दारे ठोठवावीत तेव्हा हाती एक रुपया यावा! लोकमान्य टिळकांनी ह्या खटाटोपाला आपले पाठबळ दिले, आणि १९०८ साली ह्या पैसाफंडातून तळेगाव दाभाडे येथे काचेचा कारखाना सुरू झाला. बांगड्या, दिव्यांच्या चिमण्या, बाटल्या ह्या रोजच्या वस्तू तेव्हा परदेशांतून येत. परंतु माल विकून नफा मिळविणे एवढाच ह्या कारखान्याचा उद्देश नव्हता. काच करण्याची विद्या जाणणारी माणसे तयार करणे हा त्याचा तितकाच, किंबहुना अधिक मोठा, उद्देश होता. म्हणून त्याला कारखाना म्हणावे तितकेच शाळाही म्हणावे. ईश्वरदास वार्ष्णेय हे जपानमध्ये आणि नंतर अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्सच्या तंत्रसंस्थेत शिकून आलेले तज्ज्ञ तेथे शिकवावयास होते.

काचेची विद्या अशी आहे की, ती वहीत उतरवून घेता येत नाही. वाळू, सोडा आणि चुना ह्यांचे प्रमाण रसायनशास्त्र सांगते. पण ते मिश्रण सुमारे चौदाशे अंश सेल्सिअसच्या उष्णतेत वितळू लागले म्हणजे त्याचा रंग, त्याचे बुडबुडे, नळीच्या टोकावर घेतलेल्या गोळ्याचा लोंबता भार ह्यांवरून पुढची क्रिया ठरते. हे डोळा आणि हात शिकतो. दुसरे असे की, भट्टी विझविता येत नाही. आतील मातीची मूस एकदा थंड होऊन तडकली की केलेली सगळी मेहनत वाया. रात्र असो, सण असो, भट्टीपाशी कोणीतरी जागे हवेच. आणि फुंकून झालेले भांडेही लगेच उचलून चालत नाही. ते हळूहळू निववावे लागते, नाही तर बाहेरून धड दिसणारे भांडे चार दिवसांनी फळीवर ठेवल्या जागी फुटते. असे का होते ते पुस्तक सांगेल. आता पुरेसे निवले की नाही, हे ज्याने दहा-वीस भांडी फोडली आहेत तोच सांगेल.

तळेगावच्या व्यवस्थेचा मोठेपणा मला ह्यात दिसतो की, पुस्तक, भट्टी आणि हाताने चुका करण्याची मुभा ह्या तिन्ही गोष्टी विद्यार्थ्याला एकाच आवारात मिळाल्या. त्यांचा मेळ घालणे हे संस्थेचे काम होते, त्याचे एकट्याचे नव्हे. येथे शिकलेली माणसे निरनिराळ्या प्रांतांतील काचकारखान्यांत गेली. १९१४ चे महायुद्ध सुरू होऊन जर्मनी-ऑस्ट्रियाचा माल बंद झाला तेव्हा ह्या जाणकारांची किंमत कळली. वार्ष्णेय ह्यांनीही पुढे संयुक्त प्रांतात बहजोई येथे काचेचा कारखाना उभा केला.

त्याच तळेगावात त्याच सुमारास दुसरी एक संस्था होती. प्राध्यापक विष्णु गोविंद विजापूरकर ह्यांचे समर्थ विद्यालय. राष्ट्रीय शिक्षणाचा हा प्रयोग. मातृभाषेतून विद्या द्यावी, आणि तिला उद्योगाचे शिक्षण जोडावे, अशी त्यामागील दृष्टी. विजापूरकरांवर ‘विश्ववृत्त’ मासिकातील लेखाबद्दल खटला होऊन त्यांना कारावास झाला, आणि १९१० साली सरकारने विद्यालयच बंद केले. काचेच्या भट्टीकडे सरकारने काणाडोळा केला, पण शाळा त्याला सोसवली नाही. विचार शिकविणारी शाळा आणि हात शिकविणारा कारखाना एका गावात नांदत असता त्यांच्यातून काय निपजले असते, हे पाहण्याची संधी दोन-चार वर्षांतच गेली. मावळच्या शिक्षणाच्या इतिहासात ह्याहून मोठे नुकसान मला तरी दिसत नाही.

पुढे १९४५ साली लोणावळ्यास आरमाराच्या यंत्रविद्येचे ‘शिवाजी’ हे शिक्षणकेंद्र निघाले. स्वातंत्र्यानंतर ते भारतीय नौदलाचे झाले आणि आजही चालू आहे. तेथे वर्ग आणि इंजिन शेजारी शेजारी आहेत. तळेगावचेच तत्त्व, पण लष्करी शिस्तीत: कोणत्या घटकेला वही आणि कोणत्या घटकेला पाना, हे घंटा ठरविते. अशा ठिकाणी ओढाताण नाही. अर्थात स्वतःच्या लहरीने काही मोडून पाहण्याची मोकळीकही बेताचीच.

आता पुन्हा आपल्या विद्यार्थ्याकडे वळू. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने २०१८ साली जो नमुना अभ्यासक्रम प्रसिद्ध केला, त्यात उमेदवारीला श्रेयांक दिले. हे चांगलेच झाले. परंतु वर्ग महाविद्यालयाच्या ताब्यात, उमेदवारी कंपनीच्या ताब्यात, आणि ह्या दोहोंचे वेळापत्रक एकमेकांना विचारून केलेले नसते. जो मेळ तळेगावात कारखाना घालीत होता आणि लोणावळ्यास नौदल घालते, तो आज वीस वर्षांच्या मुलाने किंवा मुलीने लोकलगाडीत उभ्याउभ्याने घालावयाचा असतो. परीक्षा जवळ आली की ह्या तिहींतून कात्री लागते ती घरच्या यंत्राला, कारण त्याला ना गुण, ना प्रमाणपत्र.

आणि तरीही तळेगावच्या भट्टीशी खरे नाते आहे ते ह्याच यंत्राचे. वर्गातील प्रयोग तास संपला की संपतो. कंपनीतील उमेदवाराच्या हाती चालत्या यंत्रणेच्या किल्ल्या सहसा कोणी देत नाही, आणि ते योग्यही आहे. घरचा सर्व्हर मात्र अखंड चालवावा लागतो, आणि तो बंद पडला की दोष दुसऱ्यावर ढकलता येत नाही. आईने जपलेली छायाचित्रे एकदा धोक्यात आली, की प्रत्येक गोष्टीची दुसरी प्रत दुसऱ्या जागी ठेवावी हा धडा पुन्हा शिकवावा लागत नाही.

अशा घरच्या उद्योगातून काय होऊ शकते ह्याचे उदाहरण फिनलंडमधील आहे. हेलसिंकी विद्यापीठातील लिनस टोरवाल्ड्स नावाच्या विद्यार्थ्याने १९९१ साली घरच्या संगणकावर छंद म्हणून जी प्रणाली रचली ती लिनक्स. आज जगातील बहुसंख्य सर्व्हर तिच्यावर चालतात आणि आपल्या मावळच्या मुलाचे जुने यंत्रही बहुधा तिच्यावरच. पुढे पदव्युत्तर प्रबंधही त्याने लिनक्सवरच लिहिला. घरचे काम वर्गात असे रुजू झाले. मात्र हे उदाहरण मुलांपुढे ठेवताना एक गोष्ट सांगितली पाहिजे. तो विद्यापीठात गेला १९८८ साली, आणि शिक्षण पुरे करून निघाला त्याला आठ वर्षे लोटली. तेथे शिकवणीशुल्क नव्हते. आपल्याकडे चार वर्षांची फी भरलेली असते, आणि कित्येक घरांत ती कर्ज काढून.

राहता राहिली घरच्यांची तक्रार, विजेची. लोणावळा, वळवण आणि शिरवता ह्या तलावांचे पाणी घाटाखाली खोपोलीस नेऊन टाटांनी १९१५ पासून मुंबईच्या गिरण्यांना वीज पुरविली, तेव्हा मावळातील घरे कंदिलावर होती. आज त्याच मावळात विजेच्या बिलावरून घरोघर वाद होतात. जुना मेजावरचा संगणक साठ वॅट खात असेल तर महिन्याला सुमारे त्रेचाळीस युनिटे होतात. मुठीएवढे नवे छोटे यंत्र आठ वॅटवर चालते आणि सहा युनिटांच्या आत भागवते. परीक्षेच्या महिन्यात मोठे यंत्र बंद करून छोट्यावर काम चालविण्याचा तोडगा कित्येक मुलांनी आपला आपणच काढला आहे, आणि घरच्यांनीही तेवढ्याला संमती द्यावयास हरकत नसावी.