तुकड्यातुकड्यांची गोधडी

अमेरिकन क्विल्ट म्हणजे आपली गोधडीच, असं म्हणून आपण मोकळे होतो. दोन्हींत थर असतात, दोन्हींत धावदोरा असतो, हे खरंच. पण शिवणारी कुठे बसते ते पाहिलं की फरक कळतो.

आपल्याकडे जुनी लुगडी, धोतरं जमिनीवर अंथरायची आणि त्यांच्यावरच बसून शिवत जायचं. ओसरी असली की झालं. अमेरिकेत वरच्या कापडाचे चौकोन आधी सुटे करून जोडत. मग खाली अस्तर, मधे कापूस घालून टाके घालायला लाकडी चौकट लागे, क्विल्टएवढी रुंद. लहान घरात ती दोरांनी छताला टांगून ठेवत आणि शेजारणी जमल्या की खाली सोडत.

चौकटीशिवाय भागवायची युक्ती न्यू इंग्लंडमधल्या बायकांनी एकोणिसाव्या शतकातच काढली. प्रत्येक चौकोन तिन्ही थरांसकट शिवायचा, कडांना पट्टी लावून पुरा करायचा आणि शेवटी कडेला कड शिवायची. १८६१ ते १८६५ च्या यादवी युद्धात सैनिकांसाठी अशाही क्विल्ट झाल्या. चौकोन घरोघरी वाटून घेता येत, हा मोठाच फायदा!

पुढे १९८२ साली जॉर्जिया बोनस्टील या बाईंचं मांडीवर शिवायच्या क्विल्टवरचं पुस्तक आलं. टीव्हीवरूनही त्या शिकवत. त्यांच्या पद्धतीत चौकोनाच्या कडेला थोडी जागा न शिवता सोडतात. जोडताना वरची कापडं एकमेकांना शिवायची, मधला थर कापून कडेला कड भिडवायची, मग मागचं अस्तर दुमडून हाताने टिपायचं. सांधा आत दडतो.

आमच्या क्युपर्टिनोहून सॅन होजे जवळच. तिथलं क्विल्टचं संग्रहालय १९७७ साली सँटा क्लारा खोऱ्यातल्या हौशी क्विल्टवाल्यांनी सुरू केलं. या खोऱ्याचं नाव काढलं की लोकांना फक्त चिप आठवते, म्हणून मुद्दाम सांगितलं.

आता हे सगळं एका इंजिनियरला कशाला? आईच्या साड्या आम्हा तीन भावंडांत आहेत, तीन गावांत. बहिणीचं म्हणणं, गोधडी एकच व्हावी. मग ती राहणार कुणाकडे? यावरून फोनवर बरेच दिवस घोळ चालला. शेवटी बारा चौकोन ठरले, प्रत्येकाचे चार, आणि जोडायला न्यू इंग्लंडची जुनी पद्धत. बोनस्टीलबाईंचा सांधा दिसायला देखणा, पण उसवला तर चौकोनांच्या कडा उघड्या पडतात. इथे प्रत्येक चौकोन आधीच पुरा असतो.

गोधडी वर्षभर एकाकडे, मग दुसऱ्याकडे. पुढे कधी मुलांना वाटून घ्यावीशी वाटली, तर फक्त जोडटाके उसवायचे. आईच्या साडीला कात्री लागणार नाही.