डांग्या खोकला व अधिहर्षता

बालपणी होऊन गेलेला डांग्या खोकला आणि पुढे उद्‌भवणारे दमा, परागज्वर, इसब यांसारखे अधिहर्षताजन्य (ॲलर्जीजन्य) विकार यांमधील संभाव्य संबंध. या संबंधाविषयीच्या कल्पना गेल्या शंभर वर्षांत एकाहून अधिक वेळा बदलल्या आहेत.

पॅरिसमधील १५७८ च्या साथीचे गीयोम द बायू यांनी केलेले वर्णन हे या रोगाचे पहिले स्पष्ट वर्णन समजतात. रोगकारक सूक्ष्मजंतू झ्यूल बॉर्दे व ऑक्ताव्ह झांगू यांनी १९०६ मध्ये ब्रूसेल्स येथे वेगळा केला. त्याच वर्षी व्हिएन्नातील बालरोगतज्ञ क्लेमेन्स फोन पिर्के यांनी ‘ॲलर्जी’ ही संज्ञा सुचविली. हा निव्वळ योगायोग होता. दोहोंची गाठ पडण्यास आणखी चार दशके लागली. पार्फेंटयेव्ह व गुडलाइन यांना १९४८ मध्ये असे आढळले की, डांग्या खोकल्याची लस टोचलेले उंदीर हिस्टामिनाच्या एरवी निरुपद्रवी ठरणाऱ्या मात्रेनेही दगावतात. हा परिणाम जंतूच्या विषामुळे होतो, हे पुढे कळले. तेव्हापासून हा रोग, किंवा त्याची लसच, अधिहर्षतेस वाट करून देत असावी, असा तर्क सुरू झाला. मात्र उंदरावरून मुलाविषयी अनुमान काढणे धोक्याचे असते.

याच्या नेमकी उलट शंका १९८९ नंतर आली. डेव्हिड स्ट्रॅचन यांनी १७,४१४ ब्रिटिश मुलांच्या पाहणीत, थोरली भावंडे अधिक असलेल्यांत परागज्वर कमी असल्याचे दाखविले. बालपणीचा संसर्ग संरक्षक असेल, तर तो टाळणारी लस अपायकारक का नसावी, असे काहींनी विचारले.

अशा प्रश्नाच्या निर्णयासाठी बालपणीच्या आजाराची आणि नंतरच्या विकाराची, अशा दोन्ही नोंदी लागतात. जुन्या कागदपत्रांतून त्या मिळणे किती अवघड आहे, याचे उदाहरण गोंदिया जिल्ह्याचे देता येईल. १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून वेगळा झालेला हा मुलूख ब्रिटिश काळी मध्य प्रांतात होता. तेथे मृत्यूची वर्दी गावचा कोतवाल पोलीस ठाण्यावर देई व ती पटकी, देवी, ताप, हगवण, श्वसनविकार अशा ठोकळ रकान्यांत पडे. डांग्या खोकल्याने दगावलेले मूल तापात किंवा श्वसनविकारांत मिसळून जाई. वाचलेल्याची तर नोंदच नसे. पुढे मोठेपणी धान चुरताना, राईस मिलमध्ये किंवा विडीच्या तंबाखूत काम करताना त्यास धाप लागली, तरी ती धुळीची की जुन्या आजाराची, हे ठरविण्यास आधार उरत नाही. शिवाय डांग्या खोकल्यानंतर कित्येक आठवडे रेंगाळणारी उबळ म्हणजे दमा नव्हे.

निर्णायक पुरावा स्वीडनमधून आला. तेथे १९७९ मध्ये ही लस बंद झाली होती व १९९६ मध्ये नव्या स्वरूपात परत आली. मधल्या काळात चिठ्ठ्या टाकाव्यात तशा यदृच्छ पद्धतीने काही अर्भकांना लस देण्यात आली व काहींना नाही. अशा ६६९ मुलांची पाहणी १९९८ मध्ये प्रसिद्ध झाली. लस दिलेल्या व न दिलेल्या मुलांत अधिहर्षतेच्या प्रमाणात फरक आढळला नाही. उलट अडीच वर्षे वयापर्यंत दमा व डांग्या खोकला एकत्र आढळण्याचेच प्रमाण अधिक होते. अर्थात रोगामुळे दमा झाला, की दम्याकडे कल असलेल्या मुलांत रोग अधिक ठळकपणे ओळखला गेला, हे एवढ्यावरून ठरत नाही.

भारतात त्रिगुणी लस १९७८ च्या विस्तारित कार्यक्रमातून व १९८५ पासून सार्वत्रिक लसीकरणातून दिली जाऊ लागली. हल्ली तिचा अंश पंचगुणी लसीत असून ती ६, १० व १४ आठवड्यांच्या वयास टोचतात. त्रिगुणी लसीची वर्धक मात्रा १६ ते २४ महिन्यांच्या दरम्यान व पुन्हा पाच ते सहा वर्षांच्या वयात देतात.